धानाच्या थप्पीपलीकडचा डबा

मित्रांनो, इंटरनेट चालू असलं की माझ्याकडे कोणी मान वर करून बघत नाही आणि बंद पडलं की सगळ्यात आधी शिव्या मलाच बसतात. मी वायफायचा एक जुना डबा आहे. दुकानाच्या पावतीवर माझं नाव राउटर असं छापलं होतं, पण सानगडीत आल्यापासून मी डबाच झालो. खरं सांगायचं तर मला ते नाव आवडतं. डबा म्हटलं की घरातलं कोणी असल्यासारखं वाटतं. माझ्या दोन शिंगांपैकी एक थोडं वाकडं आहे, कपाळावर कुंकवाचा डाग आहे आणि पाठीत धानाचा भुसा शिरून बसला आहे. पण दिवे अजून हिरवे आहेत, तेव्हा माझं ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी भावंडं इतकी होती की कोणी कोणाला नाव ठेवलं नाही, नुसते पाठीवर आकडे चिकटवले. मग खोक्यात बसून, ट्रकमधून हादरे खात मी साकोलीच्या एका दुकानात आलो. फळीवर माझ्या शेजारी बसलेला एक डबा बँकेत गेला, दुसरा एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. मीही मनात मांडे खात होतो. काचेचं ऑफिस, थंड हवा, गुळगुळीत भिंत. आणि माझ्या नशिबी काय आलं, तर धानाचं गोदाम! तेव्हा मला रडू आलं असतं, पण आम्हा डब्यांना ती सोय नाही.

ते गोदाम होतं सानगडीच्या भय्याजींचं. तलावाखालच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धान पिकवणारं हे जुनं घर. भय्याजी म्हणजे घरातले मोठे, बोलायला कमी आणि मिशीला जास्त. बेबीबाई त्यांच्या पत्नी, त्या दोघांच्या वाटणीचं एकट्याच बोलत. मुलगा निकेश शेती बघायचा. त्याची बायको रीता अड्याळकडची, आणि त्या दोघांची मुलगी गुड्डी, जी नुकतीच अंगणवाडीत जायला लागली होती.

रीता लग्नाआधी नागपूरला औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे नोकरी करायची. गावोगावची औषध दुकानं फोन करत, ती त्यांची मागणी संगणकावर टिपून घेत असे. गुड्डी झाल्यावर तिने ते काम सोडलं होतं. पुढे तिथल्या मॅडमनी स्वतःच विचारलं, की गावातून हे काम करशील का? रीता आनंदाने हो म्हणाली आणि पहिल्याच दिवशी फसली. घरात फोनला रेंज फक्त न्हाणीघराच्या दाराशी यायची. वर चुलीवर दूध, मांडीवर गुड्डी आणि ओट्यावर गप्पांना आलेल्या शेजारणी. एकदा तर पलीकडच्या दुकानदाराने खोकल्याचं औषध मागितलं आणि बेबीबाईंनी इकडून अडुळशाचा काढा सांगितला.

गावात अशी अडचण आणखी काहींची होती. रूपा नावाची मुलगी परगावच्या मुलांना पडद्यावरून गणित शिकवायची, त्यासाठी बिचारी तलावाच्या पाळीवर उन्हात उभी राहायची. विक्की दुकानांत कॅमेरे बसवायचा, लग्नाचे आणि नाटकांचे व्हिडिओ करायचा, आणि ते पाठवायला मोटारसायकलने साकोली गाठायचा. रीतानेच डोकं चालवलं. सगळ्यांनी मिळून एक जागा करावी, एकच चांगली लाइन घ्यावी आणि तिथे बसून आपापलं काम करावं. निकेशने ही गोष्ट बापाच्या कानावर घातली. भय्याजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गोदामाचा अर्धा भाग घ्या. अर्ध्यात माहा धान राहीन, अर्ध्यात तुमचं ते काय हाये ते राहीन."

अशा रीतीने उन्हाळ्यात, गोदाम रिकामं असताना, माझी स्थापना झाली. मागच्या अर्ध्यात, तलावाकडच्या खिडक्यांशी, टेबलं मांडली कारण तिथे वारा यायचा. पुढच्या दाराच्या वरच्या झरोक्यातून काचेची बारीक तार आत आली. विक्कीने सगळ्यांना बजावलं होतं, की या तारेला वाकवायचं नाही, ओढायचं नाही. दुसऱ्याच दिवशी बेबीबाईंनी तिच्यावर धुतलेलं लुगडं वाळत घातलं. विक्की इतका ओरडला की दारातल्या कोंबड्या उडाल्या. निकेशने मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला, म्हणजे गावातली लाइट गेली तरी माझी जाऊ नये.

मला कुठे टांगायचं, यावर मात्र चर्चा झालीच नाही. भय्याजींची बाज पुढच्या दाराशी असे. ते म्हणाले, "डब्बा माह्या नजरेसमोर राहू द्या." झालं. दाराशेजारच्या भिंतीत खिळा ठोकला आणि मी त्यावर बसलो. टेबलं त्या टोकाला, मी या टोकाला, मधे नुसती मोकळी फरशी. माझा आवाज सरळ तिथवर पोचायचा. बेबीबाईंनी मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि तांब्यातलं पाणी शिंपडायला हात उचलला.

"आई, पानी नका टाकू! मरन तो!" विक्की मधे पडला.

"देवाले चालते अन् ह्याले नाही चालत?" बेबीबाई म्हणाल्या. पण तांब्या खाली ठेवला.

मित्रांनो, ते पावसाळ्याचे महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे महिने होते. बाहेर रोवणी चालायची, बाया चिखलात ओळीने वाकून गाणी म्हणायच्या आणि आत माझ्या जिवावर तिघांची कामं चालायची. रूपा खुर्चीवर बसून गणित शिकवायला लागली. विक्कीची साकोलीची फेरी वाचली. रीता कानाला हेडफोन लावून दिवसभर दुकानदारांशी बोलायची आणि दुपारी गुड्डी अंगणवाडीतून आली की तिच्या टेबलाखाली चटईवर झोपायची. पाहुणे आले की भय्याजी त्यांना आधी तलाव दाखवत आणि मग मला. मी फुगून जायचो. कौतुक कोणाला नको असतं!

या घरातली एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलू नये, अशी भय्याजींच्या घरात जुनी रीत होती. तसं कोणी आता पाळत नाही, पण भय्याजी पाळायचे. ते गोदामात शिरण्याआधी खाकरत. रीता डोक्यावर ओढणी घेई. मग भय्याजी नातीला विचारत, "गुड्डी, तुह्या मायले विचार, नेट बरोबर हाये का?"

रीता दोन हातांच्या अंतरावर उभी असे. तीही नातीलाच सांगे, "गुड्डी, आबाले सांग, बरोबर हाये."

गुड्डी बहुतेक वेळा झोपलेली असे. तिला उठवायची गरज दोघांनाही वाटत नसे. एकदा ती आजीबरोबर बाजारात गेली होती, तर भय्याजींनी गोदामातल्या मांजरीला विचारलं. रीतानेही मांजरीलाच उत्तर दिलं. मांजरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि जांभई दिली. मला हसू यायचं. या रीतीने पुढे कोणाचे डोळे पाण्याने भरतील, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दिवाळी आली. धान कापला गेला, आणि नेमका त्याच वेळी आभाळ भरून आलं. ज्यांचा धान चुरून, म्हणजे मळून झाला होता त्यांच्याकडे ठेवायला जागा नव्हती. ताडपत्र्या टाकून टाकून लोक थकले. भय्याजी बाजेवरून उठले आणि रस्त्यावर उभे राहून ओरडले, "आणा गा सारे, आपल्या गोदामात टाका!" मग काय, ट्रॅक्टर लागले, पाठीवरून पोती आली. कोणाचा धान कोरडा, कोणाचा अर्धा ओला. पुढच्या अर्ध्या भागात पोत्यांवर पोती चढत गेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पार पत्र्याच्या खाली एक माणूस जेमतेम रांगेल एवढी जागा उरली. मागे टेबलांकडे जायला बाजूचं छोटं दार उघडलं. भय्याजींनी शब्द पाळला होता. अर्ध्यात त्यांचा धान, अर्ध्यात त्यांची पोरं. त्यांच्या हिशोबात काही चुकलं नव्हतं.

चुकलं होतं ते एवढंच, की मी या बाजूला होतो आणि ऐकणारे त्या बाजूला. विटांच्या भिंतीतून मी कसाबसा निघतो. पण धानाच्या पोत्यांत ओल असते आणि पाण्यातून जाणं आम्हा डब्यांना जमत नाही. माझा आवाज पहिल्या पोत्यात शिरायचा, दुसऱ्यात मुरायचा आणि पुढे काही पोचायचंच नाही. मी दिवे मिचकावून मिचकावून सांगत होतो. पण हिरवा दिवा बघून कोणाला वाटेल, की हा मदत मागतो आहे?

त्या बाजूला हाहाकार झाला. रूपाची मुलं पडद्यावर तोंड उघडून थिजून जायची. रीताचे फोन तुटायला लागले. दुकानदार अर्धी मागणी सांगायचा आणि गायब. नागपूरच्या मॅडम चांगल्या होत्या, पण औषधांचं काम होतं, त्यात चूक चालत नाही. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की मंडईनंतरच्या, म्हणजे आमच्या गावजत्रेनंतरच्या सकाळी सगळ्यांची बैठक पडद्यावर घेऊ. तेव्हाही तुझी लाइन तुटली तर तुला नागपूरला येऊनच काम करावं लागेल. नागपूरला म्हणजे वसतिगृहात, एकटीने. गुड्डीला आजीजवळ ठेवून, फक्त रविवारी भेटायला यायचं. काम सोडावं, तर निकेशच्या जोडीने उभं केलेलं सगळंच सोडायचं.

विक्कीने माझी तपासणी केली. माझ्याखाली उभा राहून मोबाइल बघितला तर नेट धो धो. टेबलाशी गेला तर ठणठण. त्याने मला बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं, परत चालू केलं. पाठीवर दोन चापटी मारल्या. शेवटी म्हणाला, "ह्याची ताकद गेली. दूरवर फेकून नाही राहिला. म्हातारा झाला बिचारा."

आणि नवा डबा आला. चार शिंगांचा, चकचकीत. माझ्याच खिळ्यावर तो चढला आणि मला निकेशने सहज वर फेकलं, पोत्यांच्या थप्पीवर. मी उताणा पडलो, वाकडं शिंग आणखी वाकलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी दिवसरात्र जागलो त्यांनी एकदाही विचारलं नाही की याला झालं काय. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्या चार शिंगवाल्याला तेवढेही मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्याही पाठीवर चापटी बसली. मग दोष पावसाला गेला, तारेला गेला, लाइन देणाऱ्या कंपनीला गेला. बेबीबाईंनी मीठ-मिरची आणून नव्या डब्याची दृष्ट काढली. ठसक्याने सगळे बाहेर पळाले, नेट मात्र आलं नाही.

थप्पीवर पडल्यामुळे एक झालं. मला दोन्हीकडचं ऐकू यायला लागलं.

दाराकडून भय्याजींचा आवाज आला. ते बेबीबाईंना सांगत होते, "पोरीले नागपूरले जाचं असन तं जाऊ दे. तिले आपलं गाव लहान पडत असन. पायात बेडी नाही घालाची." हे बोलताना त्यांचा आवाज घोगरा झाला होता. बोलून झाल्यावर ते बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले.

आणि टेबलांकडून रीताचा आवाज आला. ती रूपाला सांगत होती, "मामाजी म्हणतेत का जाऊ द्या. त्याइले काही वाटून नाही राहिलं, रूपा. मी गेली काय अन् राहिली काय." तिच्या मांडीवर गुड्डीचा लाल स्वेटर होता. तो ती घडी करायची, उलगडायची आणि परत घडी करायची. थंडी पडेल तेव्हा आपण इथे नसणार, म्हणून तो आजीजवळ काढून ठेवायचा होता.

बेबीबाईंनी नवऱ्याचे शब्द तेवढे सुनेपर्यंत नेले होते, घोगरा आवाज नेला नव्हता. तो नेता येत नाही. मी मधे पडून दोघांचं ऐकत होतो आणि मला तोंड नव्हतं. चांगली माणसं एकाच छपराखाली, चार पावलांवर, आणि कोणाचं कोणाला पोचत नाही. त्या वेळी मला माझ्यापेक्षा त्यांची दया आली.

मंडईचा दिवस उजाडला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, नाचगाण्याची दंडार आणि नाटकं होतात. निकेश गुड्डीला पाळण्यात बसवायला घेऊन गेला. विक्की नाटकाच्या मांडवात कॅमेरे आणि माइक लावण्यात गुंतला. रूपाच्या घरी पाहुणे. गोदामात उरली एकटी रीता, दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची धास्ती घेऊन, बंद पडलेल्या नेटसमोर.

तेवढ्यात बेबीबाई शिडी लावून थप्पीवर चढल्या. ओला धान पोत्यात कोंडला की तापतो, म्हणून मधूनमधून पोत्यात हात घालून बघावं लागतं. त्या रांगत रांगत पोत्यांत हात खुपसत माझ्याजवळ आल्या, आणि त्यांच्या कमरेच्या बटव्यातला मोबाइल टिंग टिंग वाजायला लागला. थांबेचना. सगळ्या बहिणींनी आपापल्या गावच्या मंडईचे फोटो पाठवले होते. बेबीबाई धानाचं तापणं विसरल्या, पोत्यावर मांडी घालून बसल्या आणि मोठ्याने दंडारीचा व्हिडिओ बघू लागल्या.

खालून रीता ओरडली, "आई, तुमचं नेट कसं चालू हाये व?"

"चालू म्हणजे? मस्त हाये! निकेशच्या मावशीच्या गावची दंडार पाहून राहिली."

"कुठून?"

"अवो, वरतून! धानाच्या कट्ट्यायवरून!"

रीता खुर्चीवरून उठली. मग लॅपटॉप काखेत धरून शिडी चढली. वर येताच लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या. ती दोन पायऱ्या उतरली, रेघा गेल्या. परत चढली, परत भरल्या. तिने समोर पोत्यांच्या रांगा पाहिल्या, त्यांच्या पलीकडे चमकणारा नवा डबा पाहिला, एका पोत्यावर तळहात ठेवला. ओलसर होतं. आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हो, हो, तेच, तेच!

नेमके तेव्हाच बाजूच्या छोट्या दाराशी भय्याजी खाकरले.

रीताने डोक्यावर ओढणी घेतली. भय्याजी आत आले, वर पाहिलं, सून पोत्यांवर बसलेली. त्यांनी इकडेतिकडे नजर फिरवली. गुड्डी मंडईत. बेबीबाईंच्या कानात दंडारीचा ढोल. मांजरही कुठे दिसेना. विचारायला कोणी उरलं नाही, तसे ते जायला वळले.

"मामाजी," रीता म्हणाली.

भय्याजी जागच्या जागी थांबले. बेबीबाईंनी व्हिडिओ बंद केला.

"मामाजी, मले नागपूरले नाही जाचं. मले अठीच राहाचं हाये, गुड्डीजवळ, तुमच्याजवळ. पण ह्या कट्ट्यायनं नेट अडून राहिलं. डब्बा तिकडं, आम्ही इकडं, मधात धान. मी गेली तं मनानं नाही जाणार, एवढं तुमाले सांगाचं होतं."

पत्र्यावर पावसाचे दोन थेंब वाजले. भय्याजी वळले. त्यांनी पहिल्यांदा सुनेच्या तोंडाकडे पाहिलं असावं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"मंग मले आधी काहून नाही सांगतलं, बाई?" ते म्हणाले. "मले वाटलं, तुलेच जाचं हाये. मी म्हटलं, आडवं काहून याचं?"

"तुमाले कसं सांगू? तुम्ही तं मांजरीले विचारता."

बेबीबाई आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. भय्याजींनी धोतराचा काष्टा खोचला आणि सरळ पहिल्या पोत्याला हात घातला. "काढतो सारे कट्टे. आत्ता काढतो."

"नाही, मामाजी!" रीता घाईने खाली उतरली. "लोकायचा धान हाये. बाहेर पानी येऊन राहिलं. धान नाही हलवाचा. तार वरतून नेऊ, अन् इकडं दुसरा डब्बा लावू."

भय्याजी स्वतः मंडईत गेले. नाटकाच्या मांडवातून त्यांनी विक्कीला हाताला धरून आणलं. त्याच्या खांद्यावर कॅमेऱ्याच्या तारेचं भेंडोळं तसंच होतं. त्याने थप्पी पाहिली, पलीकडचा नवा डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "मी भिंतच शोधून राहिलो होतो. धानाकडं कोण पाहते!" मग म्हणाला, "तार हाये. पण दुसरा डब्बा? आज तं साकोलीची दुकानंही बंद."

रीताने वर बोट दाखवलं. माझ्याकडे! "हा हाये ना."

"हा? हा तं गेला ना."

"नाही गेला," रीता म्हणाली. "आपणच त्याच्यासमोर धान रचला."

मित्रांनो, एवढं एक वाक्य ऐकायला मी किती तळमळलो होतो. बेबीबाईंनी मला उचललं आणि पदराने माझं तोंड पुसलं. विक्कीने नव्या डब्यापासून तार काढली, पोत्यांच्या वरून, पत्र्याच्या लगत ती टेबलांच्या टोकाला आणली आणि माझ्या पाठीत खोचली. टेबलांवरच्या भिंतीत भय्याजींनी आपल्या हाताने खिळा ठोकला. मी डोळे उघडले. रीताच्या लॅपटॉपवर सगळ्या रेघा उमटल्या, आणि या वेळी ती खुर्चीवर बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक सुरू झाली. पडद्यावर नागपूरची सगळी माणसं चौकटीत बसली होती. रीताची पाळी आली आणि तेवढ्यात गावाची लाइट गेली. पंखा थांबला. रीताने माझ्याकडे पाहिलं. निकेशच्या बॅटरीने मला हात दिला आणि माझा एकही दिवा विझला नाही. ती बोलत राहिली. पडद्यावरचा तिचा चेहरा हलत राहिला, ओठ आणि शब्द बरोबर चालत राहिले.

"रीता, अगदी स्वच्छ येतोय तुझा आवाज," मॅडम म्हणाल्या. "कुठून बोलते आहेस?"

"धानाच्या गोदामातून, मॅडम."

मॅडम हसल्या. "मग तिथूनच बोलत जा."

रीता रडली नाही. तिने हेडफोन काढला, आजीजवळ द्यायला पिशवीत ठेवलेला लाल स्वेटर बाहेर काढला आणि गुड्डीच्या अंगात घातला, जरी सकाळचं ऊन चांगलं तापलं होतं. थप्पीपलीकडे बाजेवर बसलेल्या भय्याजींना मात्र यातलं काही कळत नव्हतं. खोकून झालं, खाकरून झालं. शेवटी न राहवून ते इतक्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले, "रीता! झालं का व?"

"झालं, मामाजी!" रीता धानावरून ओरडली.

आता या गोष्टीला काही हंगाम होऊन गेले. धान येतो, थप्पी लागते, विकला जातो, फरशी मोकळी होते. मी त्याच खिळ्यावर आहे. रीताचं काम वाढलं, आता तिच्या हाताखाली सानगडीच्याच दोन मुली शिकतात. मी म्हातारा होत चाललो आहे, हे खरं आहे. उन्हाळ्यात तापतो, मधूनच डोळा लागतो. कधीतरी मी खरंच बंद पडेन आणि तेव्हा मला खाली उतरवलं तर मी रागावणार नाही.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. माझ्यावर धूळ साचू देऊ नका, पाणी शिंपडू नका, माझ्या तारेवर लुगडी वाळत घालू नका. आणि एखादा गप्प झाला, त्याचं काही पोचेनासं झालं, तर तो बिघडला असं चटकन म्हणू नका. मग तो डबा असो, की घरातलं माणूस. जरा शिडी लावून वर चढा आणि मधे काय रचून ठेवलंय ते बघा. तो पलीकडून बोलतच असेल.

आमच्याकडे रोज सकाळी गोदामाचं दार उघडतं. भय्याजी आता खाकरत नाहीत. दारातूनच सरळ विचारतात, "रीता, नेट हाये का?"

"हाये, मामाजी."

मांजर पोत्यांवर निवांत झोपलेली असते. तिला आता कोणी उठवत नाही.